तळघरातलं कायदेमंडळ

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये भाड्याची खोली बघायला गेलेलं माणूस काय विचारतं? भाडं किती, स्टेशन किती लांब, गाडी कुठे लावायची आणि फोडणीचा वास चालेल का. मीही तेवढंच विचारलं. घरमालक काकांनी चारही उत्तरं सरळ दिली, चहा दिला, चहाबरोबर खारी दिली आणि शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाले, "रविवारी सकाळी दहाला मोकळ्या असता ना?"

मला वाटलं, गीतापठण नाहीतर योगासनं असतील. नाशिकहून येऊन मला जेमतेम महिना झाला होता, कंपनीने दिलेल्या गेस्ट हाउसची मुदत संपत आली होती आणि खोल्या बघून बघून माझे पाय दुखायला लागले होते. मी "हो" म्हणाले. त्या एका होकारापायी माझ्या आयुष्यातले किती रविवार वाया गेले ते मी मोजत नाही. मोजले तर ब्लडप्रेशर वाढेल.

माणसं रिटायर झाली की काहीतरी करतात. कुणी टोमॅटो लावतं, कुणी शेअर बाजारात उतरतं, कुणी मराठी मंडळाच्या नाटकात राजा होतं. काका चांगले केमिकल इंजिनिअर, आयुष्यभर औषधांच्या कारखान्यात नोकरी केलेले. पण रिटायर झाल्यावर त्यांना भलतंच वेड लागलं. अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधी, इथे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा, न्यू जर्सीत लोकांनी निवडून दिलेली एक असेंब्ली होती. तिच्या कामकाजाची जुनी इतिवृत्तं लायब्ररीत बसून वाचता वाचता काका इतके आत शिरले की पुन्हा बाहेर आलेच नाहीत.

तर त्या असेंब्लीत निवडलेले सदस्य बसायचे, भांडायचे, कायदे करायचे. त्यांच्या डोक्यावर राजाने पाठवलेला गव्हर्नर. त्याला कायदा आवडला नाही तर तो फेटाळायचा. भांडण फार तापलं की सभा तहकूब करायचा, आणखी तापलं तर बरखास्त. आणि गव्हर्नरने मान्य केलेला कायदासुद्धा जहाजाने लंडनला जायचा. तिथे राजाच्या मनात आलं तर तो रद्द! "म्हणजे एकावर एक तीन चाळण्या," काका हे इतक्या कौतुकाने सांगायचे, जणू चाळण्या यांच्याच घरातल्या.

पुढे कळलं की खरोखरच त्यांच्या घरातल्या होत्या. घरात आम्ही तीन भाडेकरू, ती असेंब्ली. काका गव्हर्नर. आणि लंडन म्हणजे पुणे, कारण काकूंना इथली थंडी सोसत नसे, त्या ऑक्टोबरात कोथरूडच्या फ्लॅटवर जायच्या त्या एप्रिलमध्ये उगवायच्या. आम्ही ठराव करायचा, काकांनी त्यावर संमती द्यायची किंवा नाकारायची आणि दिली तर तो अंतिम मंजुरीसाठी समुद्रापार काकूंकडे जायचा.

"मग आमचा उपयोग काय?" मी पहिल्याच रविवारी विचारलं होतं.

"बोलायचा हक्क आहे, ठरवायचा नाही," काका म्हणाले. "पण बोला."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही दातओठ खायचे.

आमच्यातला समीर पुण्याचा, बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा, वरच्या मागच्या खोलीत राहायचा. त्याला काकांनी सभापती केलं होतं. सभापतीला खुर्चीत बसायच्या आधी "मी या पदाला लायक नाही" असं म्हणावं लागे, कारण जुना रिवाज तसा होता. पहिल्यांदा म्हणायला लावलं तेव्हा समीर म्हणाला, "काका, मी खरंच नालायक आहे. मला माझी लाँड्री करू द्या." काकांना हे उत्तर रिवाजाला धरून वाटलं आणि समीर कायमचा सभापती झाला. वरच्या पुढच्या खोलीत वेंकट, विजयवाड्याचा. शांत, हसरा, रात्रीच्या शिफ्टला काम करणारा मुलगा. त्याला मराठी येत नव्हतं. या घरात आल्यावर तो जो पहिला मराठी शब्द शिकला तो 'अनुमोदन'. काकांनी ठराव मांडा म्हटलं की मी मांडायची आणि माझं वाक्य संपायच्या आत वेंकट "अनुमोदन!" म्हणून मोकळा व्हायचा, म्हणजे त्याला परत जाऊन झोपता येई. सभापती मत देत नाही. उरलो दोघं, एक सूचक, एक अनुमोदक. विरोध करायला या कायदेमंडळात माणूसच शिल्लक नव्हता.

सदस्य होण्यासाठीही पात्रता लागे. त्या काळी ज्याची जमीन त्यालाच मत, भाडेकरूला कोण विचारतो! पण काकांनी यात मोठ्या मनाने सुधारणा केली होती. बॅगेत मावत नाही अशी एक तरी वस्तू ज्याच्या मालकीची, तो सदस्य. समीरची जुनी गाडी होती. वेंकटने आपला राइस कुकर पुढे केला, काकांनी त्याच्याच बॅगेत तो घालून दाखवला आणि अर्ज फेटाळला. बिचाऱ्याने जाऊन खुर्ची आणली. माझ्याकडे हवेची गादी होती.

"हवा काढली की मावते," काका म्हणाले.

"काका, मी रोज तिच्यावर झोपते."

"झोपा हो. पण हवा काढली की मावते."

मी चिडून खरी गादी विकत घेतली. ती तळघरात उतरवताना काका जिन्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणत होते की त्या काळी बाईला सभागृहात पाऊलसुद्धा ठेवू दिलं नसतं, तेव्हा मी स्वतःला भाग्यवान समजावं. गादीचं दुसरं टोक समीरच्या हातात नसतं तर मी ती काकांच्या अंगावर सोडली असती.

आता थंडीचा किस्सा सांगते, म्हणजे माझा त्रागा उगीच नव्हता हे कळेल. मी तळघरात राहायची. थर्मोस्टॅट वर, काकांच्या बैठकीच्या खोलीत, आणि त्याच्यावर प्लॅस्टिकची कुलूपबंद पेटी. डिसेंबरात तळघरात अशी थंडी पडायची की लॅपटॉपवर बोटं वळायची नाहीत. वर दोन स्वेटर घालून बसलेल्या काकांना ती कळत नव्हती. मी तापमान वाढवायचा रीतसर ठराव मांडला. वेंकटने अनुमोदन दिलं. काकांनी तासभर चर्चा घेतली, तापमान माझ्या मागणीपेक्षा दोन डिग्रीने खाली आणलं, संमती दिली. मी म्हटलं, सुटले. आता पेटी उघडा.

"आता पुण्याला जाईल," काका म्हणाले.

काकूंशी ते रोज व्हिडिओ कॉलवर बोलायचे. कोथिंबीर किती महाग झाली, शेजारच्यांचा कुत्रा किती भुंकतो, सगळं बोलायचे. पण ठराव फोनवर सांगायचा नाही! जहाजाने जायला हवा. जहाज म्हणजे पुण्याला जाणारं कुठलंही ओळखीचं माणूस. त्याच्या बॅगेत बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि आमचा ठराव. त्या वर्षी जहाज जानेवारीच्या मध्याला सुटलं. काकूंची मंजुरी घेऊन दुसरं जहाज आलं, सोबत भाजणी आणि गोडा मसाला, तेव्हा थंडी सरून दारातला मॅग्नोलिया फुलला होता. काकांनी समारंभाने पेटी उघडली आणि तापमान वाढवलं. मी खिडकी उघडून बसले.

मी हीटर का नाही आणला? आणला होता. तो लावला की वरचा मायक्रोवेव्ह बंद पडे, आणि मग काका जिन्यातून ओरडत, "सभागृहाच्या मंजुरीशिवाय कुणी कर बसवला?" त्याचा अर्थ काय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, सोडून का नाही गेलीस? कारण माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. बर्फ पडला की काका न सांगता स्टेशनवर गाडी घेऊन उभे. गाडी गरम केलेली, थर्मासमध्ये आल्याचा चहा. फक्त घरी पोहोचेपर्यंत पुढच्या रविवारचं कामकाज ऐकावं लागे. मला ताप आला तेव्हा ते दिवसातून तीनदा मऊ भात घेऊन खाली आले आणि प्रत्येक वेळी दारावर टकटक करून विचारलं, "सदस्यांना भेटायची परवानगी आहे?" अशा माणसावर धड ओरडताही येत नाही.

एका शनिवारी त्यांनी आम्हा तिघांना पर्थ अँबॉयला नेलं. ते एडिसनपासून जवळच, खाडीच्या काठी. मला आठवड्याची धुणी होती, वेंकट रात्रभर काम करून आलेला. काका एका जुन्या विटांच्या इमारतीसमोर उभे राहून तासभर बोलले. की जर्सी आधी दोन होत्या, पूर्व आणि पश्चिम. एक झाल्यावर भांडण नको म्हणून असेंब्ली एकदा इथे पूर्वेच्या गावात भरायची, एकदा तिकडे पश्चिमेच्या बर्लिंग्टनला. सदस्य चिखलातून घोड्यावर येत. आणि गव्हर्नर बरीच वर्षं न्यू यॉर्कबरोबर सामाईक, तो बहुतेक तिकडेच रमलेला. "इतक्या लांब यायचं, बोलायचं, आणि आपलं कुणी ऐकेल याची खात्री नाही. तरी येत होते!" वेंकट बाकावर बसल्या बसल्या झोपला होता. मी डब्यातली साबुदाण्याची खिचडी खात होते आणि मनात म्हणत होते, गाढव होते, म्हणून येत होते.

पण त्या सहलीचं फळ मला भोगावं लागलं. काकांनी ठरवलं की आमचीही सभा एकदा वर, एकदा खाली भरेल. वरचं स्वयंपाकघर म्हणजे पूर्व जर्सी, तळघर म्हणजे पश्चिम. एक रविवार सोडून एक, सकाळी दहाला, काका लग्नातला काळा कोट घालून, एका हातात खुर्चीची उशी आणि दुसऱ्या हातात काकूंचं जुनं लाटणं घेऊन माझ्या खोलीत उतरायचे. लाटणं एकदा आपटलं की सभा सुरू. दोनदा आपटलं की तहकूब. आणि वादात आपण हरतोय असं दिसलं की काका हमखास दोनदा आपटायचे. मी एकदा वॉशिंग मशीन रात्री वापरू देण्याबद्दल त्यांना अगदी कोंडीत पकडलं होतं, तर ठक ठक! कोट सावरत जिना चढून गेलेसुद्धा.

तो जिना. अरुंद, उभा, वळणावर कठडा संपलेला. काका पंच्याहत्तरीच्या पुढचे. मी दर वेळी सांगायची, "काका, सभा वरच घेऊ या."

"मग पश्चिम जर्सीवर अन्याय होईल."

"पश्चिम जर्सी मीच आहे, काका. माझी काही तक्रार नाही!"

"तक्रार नसली तरी हक्क असतो," काका म्हणायचे आणि उशी काखेत मारून उतरू लागायचे.

पुढे एका वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते पडले. मला आधी लाटण्याचा आवाज आला, पायऱ्यांवरून टणटण खाली येत असलेला. मग दुसरा, जड आवाज. मी धावले तर काका खालच्या पायरीशी वाकडे पडलेले, हात अंगाखाली, चेहरा पांढरा. मी वाकले तेव्हा म्हणाले, "गणसंख्या झाली का?" मला रडू आणि संताप एकदम आला. समीरने गाडी काढली. इमर्जन्सीत नर्सने विचारलं कसे पडलात, तर काका इंग्रजीत म्हणाले, "कर्तव्य बजावताना." मनगट मोडलं होतं, कमरेला मुका मार. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आली. रेवा. मिशिगनमध्ये नोव्हायला असते, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, बोलते निम्मं. तिने जिना बघितला, लाटणं बघितलं आणि डोक्याला हात लावला. मला ती पहिल्या मिनिटापासून आवडली.

दोन दिवसांनी ती मला ओक ट्री रोडवर डोसा खायला घेऊन गेली. डोसा तिने खाल्लाच नाही. "लुक," ती म्हणाली, "मी रोज सकाळी माझ्या फोनवर बाबाच्या स्टेप्स बघते. त्याला घड्याळ दिलंय ना, ते. दहापर्यंत झिरो दिसलं ना, आय कान्ट वर्क. मीटिंगमध्ये बसते आणि काही ऐकूच येत नाही. मला त्याला घेऊन जायचंय. हाउस विकू या म्हणते. आई इज ओके विथ इट, ती डायरेक्ट नोव्हायला येईल. बट ही वोन्ट लिसन."

"आमचं तरी कुठे ऐकतात," मी म्हणाले.

"तुमचं ऐकतो," रेवा म्हणाली. "इन हिज वीअर्ड वे."

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात स्फोट झाला. मी औषधं द्यायला वर गेले होते. रेवा म्हणत होती, "बाबा, यू आर कमिंग. दॅट्स इट." काकूंचा चेहरा फोनच्या पडद्यावर, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. काका प्लॅस्टरमधला हात छातीशी धरून बसले होते. या घरात ते इतकी वर्षं राहिलेले. रेवाला याच घरी हॉस्पिटलमधून आणलेलं. लायब्ररी चालत जाण्याइतकी जवळ. नोव्हायला त्यांना गाडी चालवू देणार नव्हते, आणि गाडीशिवाय तिथे माणूस खिडकीत बसतो. हे सगळं त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते त्यांनी सांगितलं नाही. ते म्हणाले, "सभेला विचारतो."

"व्हॉट सभा? बाबा, दे आर रेंटर्स!"

"या घरात राहणाऱ्यांनी मला राहा म्हटलं तर मी राहणार. तू पुन्हा विषय काढायचा नाहीस. नाही म्हटलं तर पुढच्या आठवड्यात तुझ्या गाडीत बसतो. एक शब्द बोलणार नाही."

रेवाने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. काकू पुण्याहून म्हणाल्या, "घे गं शब्द. पुरे झाली यांची नाटकं, एकदाचा निकाल लागू दे."

काका खुशीत होते. का नसतील? भाडेकरू आपल्या डोक्यावरचं छप्पर थोडंच घालवतील! समीरने मला गॅरेजपाशी गाठलं. "यार, या भावात दुसरी खोली मिळणार नाही. उगाच तत्त्वज्ञान काढू नकोस. हो म्हण आणि विषय संपव. तसंही आपल्या ठरावांचं काय होतं आजपर्यंत?"

ते मात्र खरं होतं. काय होत होतं? काहीच नाही. इतक्या रविवारी मी जे जे बोलले ते फेटाळलं गेलं, कापलं गेलं, नाहीतर बदामांबरोबर पुण्याला गेलं. तेव्हा या रविवारी मी हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय. हरायची वेळ आली तर काका लाटणं दोनदा आपटतील, आणि रेवा पुन्हा डोक्याला हात लावेल. असं मला वाटत होतं. खरंच असंच वाटत होतं.

रविवारी सभा वर भरली. खरं तर गेल्या रविवारची राहिलेली पाळी तळघराची. काकांनी सुरुवातीलाच पश्चिम जर्सीची माफी मागितली आणि माझं डोकं तिथेच फिरलं. मोडलेला हात कोटाच्या बाहीत जात नव्हता, म्हणून कोट खांद्यावर टाकलेला. डाव्या हाताने लाटणं आपटलं, एकदा. रेवा फ्रिजला टेकून उभी.

समीरने ठराव वाचला. या घरातल्या रहिवाशांचं असं मत आहे की काकांनी याच घरात राहावं.

"अनुमोदन!" वेंकट म्हणाला.

"अहो, आधी सूचक लागतो," काका म्हणाले. हसत होते.

वेंकटने डोकं खाजवलं. "ओके काका. मग सूचक मी." आणि त्याने माझ्याकडे बघितलं, आता तुझं काम, अशा नजरेने. आपण काकांसाठी काहीतरी केलं याचा त्याला आनंद झाला होता.

"अनुमोदक?" समीरने विचारलं.

अनुमोदक असायला मीच एकटी उरले होते. काकाही माझ्याकडे बघत होते, अगदी निश्चिंत. तो निश्चिंतपणा बघून मला जे काही झालं ते शब्दांत सांगता येत नाही. मी त्यांना त्या पायरीपाशी बघितलं होतं. त्यांनी स्वतःला नव्हतं बघितलं.

"मी अनुमोदन देणार नाही," मी म्हणाले.

समीरने "अगं" म्हणून सुरुवात केली. काकांनी त्याला हाताने थांबवलं. "बोला, सदस्या."

मग मी बोलले. म्हणाले, काका, तुम्ही रविवारी पडलात म्हणून वाचलात. मंगळवारी पडला असता तर मी ऑफिसात, समीर ऑफिसात, वेंकट झोपलेला. संध्याकाळी मी दार उघडलं असतं तेव्हा सापडला असता. तुम्हाला शंभरदा सांगितलं, जिना उतरू नका. तुम्हाला त्या मेलेल्या माणसांची काळजी, आमची नाही. मी रात्री झोपेत तो आवाज ऐकते. पावलं वाजली की जिन्याकडे धावते. मी तुमची भाडेकरू आहे, तुमची मुलगी नाही, मला हे का? आणि जी मुलगी आहे ती तिकडे सकाळी तुमच्या पावलांचे आकडे बघत बसते, काम करू शकत नाही. राहा म्हणणं सोपं आहे. सांभाळणार कोण? मला नाही जमत. तुम्ही जा.

शेवटचं "जा" जरा मोठ्याने गेलं.

मी लाटण्याकडे बघत होते. ते काकांच्या डाव्या हातापाशी पडलेलं होतं. उचला ना, मी मनात म्हणत होते. ठक ठक करा, तहकूब करा, जा उठून बैठकीच्या खोलीत. पुढच्या रविवारी पुन्हा भांडू.

"सभापती," काका म्हणाले, "सांगा."

"काय सांगू, काका?"

"नियम माहीत आहे तुम्हाला. सांगा."

समीर खाली बघत पुटपुटला, "अनुमोदन नसल्यामुळे ठराव पडला."

"मान्य," काका म्हणाले.

"काका, तहकूब करा की!" मी ओरडले.

"कशासाठी? सगळे बोललात तर." त्यांनी रेवाकडे मान वळवली. "कधी निघायचं?"

रेवाला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. ती म्हणाली, "बाबा, वी कॅन स्टिल टॉक अबाउट इट."

"बोलून झालं," काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते गेले. कबूल केल्याप्रमाणे तक्रारीचा एक शब्द बोलले नाहीत. पुस्तकांची खोकी समीर आणि वेंकटने गाडीत चढवली. दाराच्या चौकटीवर रेवाची उंची मोजल्याच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, त्यांच्यावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं, बस. गाडीत बसल्यावर मी त्यांचा पट्टा लावून दिला, कारण हात मोडलेला. न राहवून मी म्हणाले, "काका, तुम्हाला 'नाही' म्हणता आलं असतं. आमचं काय ऐकायचं होतं? इतकी वर्षं कधी ऐकलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फारच मूर्खासारखं विचारलं होतं. "अगं, तुला विचारलं होतं ना मी?" म्हणाले. रेवाने गाडी सुरू केली.

घर उन्हाळ्यात विकलं गेलं. आम्ही तिघं तीन दिशांना पांगलो. मी आता वेस्ट विंडसरला राहते, नवरा, मुलगी, रांगेत अडकलेलं ग्रीन कार्ड. काका नोव्हायला धडधाकट आहेत. पडले नाहीत. रेवा फोनवर सांगते की दिवसभर खिडकीत बसतात, वाचत नाहीत, कशाला काही म्हणत नाहीत, विचारलं तर म्हणतात, तुम्ही ठरवाल ते. मी बरोबर बोलले होते, आजही तेच बोलेन. तरी मला त्यांचा भयंकर राग येतो.

दर वर्षी निवडणुकीच्या आधी दारावर कुणीतरी हसतमुख माणूस पत्रक घेऊन येतो आणि मी त्याला सांगते की मी इथली नागरिक नाही, मला मत नाही. तो सॉरी म्हणून शेजारच्या दारी जातो. दार लावताना मला काका आठवतात. या देशात आजवर माझं एकच मत मोजलं गेलं, आणि त्याने एका म्हाताऱ्या माणसाचं घर गेलं. ते मोजायला यांना कुणी सांगितलं होतं?